एकशे चौऱ्याऐंशी खुर्च्या आणि माझी धाकटी जाऊ

आमच्या केंद्राच्या स्मरणिकेत माझ्या धाकट्या जावेवर दोन पानं छापून आली आहेत. ती मीच लिहिली. आमच्या संचालक मॅडम म्हणाल्या, "तुमच्याइतकं त्यांना जवळून कोण ओळखतं? घरातही तुम्ही, इथेही तुम्ही." नाही म्हणायची सोयच नव्हती. ती मनमिळाऊ आहे, कष्टाळू आहे, आमच्या सभागृहाचा आधारस्तंभ आहे, असं सगळं मी लिहिलं. सभागृहात आठ खांब मुळातच आहेत, त्यात हा नववा. छापून आल्यावर सगळ्यांनी वाचलं आणि सगळ्यांनी तिला जाऊन शाबासकी दिली. लिहिणारीची आठवण कोणालाच झाली नाही. म्हणून जे खरं आहे ते आता इथे लिहिते. हे मी छापायला देणार नाही.

पहिलं म्हणजे, तिला इथे आणली मी.

विद्यापीठाचं हे सांस्कृतिक केंद्र ज्या इमारतीत आहे, ती एके काळी न्यायालयाची इमारत होती. दीडशे वर्षं जुनी, दगडी, आणि खिडक्या इतक्या उंच की काचा पुसायला शिडी लागते. न्यायालय नव्या जागेत गेलं आणि ही इमारत विद्यापीठाच्या पदरात पडली. साक्षीदारांच्या खोलीत आता नृत्याचा वर्ग भरतो. कैद्यांच्या कोठडीत वाद्यं ठेवतात. वकिलांच्या खोलीत माझं ऑफिस आहे, तिथे मी सव्वीस वर्षं बसते. खालचं मोठं न्यायदालन हे आमचं सभागृह, आणि न्यायाधीश जिथे बसत तो उंच ओटा म्हणजे स्टेज. त्याच्या समोर, मागच्या अंगाला वर, लाकडी कठड्याचा सज्जा. ओट्याच्या डाव्या अंगाला आरोपीचा लाकडी पिंजरा तसाच उभा आहे, कारण इमारत वारसा यादीत आहे आणि तिथली काडी हलवायची म्हटली तरी परवानगी लागते. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, फरशीला भोक पाडायचं नाही. त्यामुळे आमच्या खुर्च्या सुट्या आहेत. एकशे चौऱ्याऐंशी. प्रत्येक कार्यक्रमाला मांडायच्या आणि मग भिंतीशी रचून ठेवायच्या.

पूर्वी हे काम एक शिपाई करायचा. तो खुर्च्या ओळीने लावायचा, शाळेत मुलं उभी करतात तशा. मग खांबांच्या मागे बसलेल्या लोकांच्या तक्रारी यायच्या. तक्रारींना उत्तरं मी द्यायचे. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया कार्यक्रमास लवकर यावे.' अशी पत्रं लिहिण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. रागावून पत्र लिहिणारा माणूस माझं उत्तर वाचून आभाराचं पत्र पाठवायचा. ती सगळी फाइल माझ्याकडे आहे.

तो शिपाई निवृत्त झाला तेव्हा मी तेव्हाच्या संचालकांना सांगितलं की माझी जाऊ रिकामीच आहे, झाडलोट आणि खुर्च्या ती सांभाळेल. ती लग्न होऊन घरात आली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. शिक्षण सातवीपर्यंत. आमचं घर एकच, जिना एक, स्वयंपाकघरं दोन. दिवसभर ती घरात असायची आणि सासूबाई तिला डोक्यावर बसवायच्या, तेही एक कारण होतंच. आता लपवून काय करायचं.

पहिल्याच आठवड्यात मी तिचं काम कसं चाललंय ते बघायला खाली गेले. खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि ही बया एका खुर्चीवर बसली होती. मला वाटलं दमली असेल. तेवढ्यात ती उठली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, उठली, खुर्ची चार बोटं सरकवली, परत बसली. मग पुढची.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"बघतेय वहिनी, इथून दिसतं का ते."

"सगळ्या खुर्च्यांवर बसणार आहेस?"

"मग? माणसं सगळ्याच खुर्च्यांवर बसतात ना."

एकोणीस वर्षं ती हे करते आहे. प्रत्येक कार्यक्रमाला, एकशे चौऱ्याऐंशी वेळा बसायचं आणि उठायचं. पुढच्या खुर्चीवर कोणी धिप्पाड माणूस बसला तर काय होईल, हे बघायला ती पुढच्या खुर्चीच्या पाठीवर आपली पिशवी उभी करते. मी घरी ह्यांना सांगितलं की तुमच्या भावाच्या बायकोला वेड लागलंय. हे हसले आणि म्हणाले, "बरं आहे की, व्यायाम होतो."

दोन महिन्यांत तक्रारी थांबल्या. एकही पत्र येईना. मग मला उत्तरंही लिहायला लागेनात. माझ्या हातचं एक चांगलं काम गेलं, आणि ते गेल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. उलट लोक खाली जाऊन तिला भेटायला लागले. विद्यार्थ्यांनी तिचं नाव खुर्चीताई ठेवलं. मला ते 'ऑफिस' म्हणतात. 'ऑफिसला विचार', 'ऑफिस जेवायला गेलंय.' मी समोर असले तरी.

मला राग यायचा तो अशा बारीकसारीक गोष्टींचा. जुने संचालक निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात तिच्याबद्दल पाच मिनिटं बोलले, ती कशी प्रत्येक खुर्चीवर बसते वगैरे. मी 'आणि कार्यालयीन कर्मचारी' यात होते. ते भाषण त्यांना लिहून मीच दिलं होतं. मी लिहिलेल्या भाषणात तिच्याबद्दल एक ओळ होती. बाकीचं त्यांनी मनाने घातलं.

मग एक फोटोग्राफर आला. त्याला इमारतीचे फोटो काढायचे होते. सगळी इमारत सोडून त्याने तिचा फोटो काढला. रिकाम्या सभागृहात मधल्या खुर्चीवर ती एकटी बसली आहे, हात मांडीवर, आणि वरच्या खिडकीतून ऊन आलंय. तो फोटो आता दर्शनी दालनात लावलाय. भिंतीला खिळा चालत नाही म्हणून लाकडी तिवईवर ठेवलाय. त्या तिवईचा मागणी अर्ज मी टाइप केला. रोज सकाळी ऑफिसात जाताना ती मला तिथे दिसते, आणि नंतर प्रत्यक्ष दिसते ती वेगळीच.

पण सगळ्यांत झोंबलं ते माझ्या लेकीचं. ती शाळा सुटल्यावर केंद्रात यायची. माझ्या ऑफिसात नाही, खाली काकूजवळ. काकू खुर्च्यांवर बसत जायची आणि ही शेजारच्या खुर्चीवर बसून पाढे म्हणायची. सातवीत तिला 'मला आवडणारी व्यक्ती' असा निबंध आला. वही तपासून आली, मी सहज उघडली. पहिलीच ओळ: 'माझी काकू जगातल्या सगळ्या जागा बसून बघते.' बाईंनी बाजूला लाल पेनने 'सुंदर' लिहिलं होतं. मी वही मिटून दप्तरात ठेवली. त्या दिवशी माझ्या हातून भाजी करपली, आणि करपलेली भाजी कोणी खाईना, म्हणून धाकटीने तिच्याकडची आणून दिली.

मी वाईट बाई नाही. पण इतक्या वर्षांत मला एकदा तरी कोणी म्हणायला हवं होतं की हे सगळं तुमच्यामुळे चालतं. परवानग्या, पत्रं, तारखा, कलाकारांच्या येण्याजाण्याची सोय, सगळं माझ्या टेबलावरून जातं. खुर्च्या नीट लागल्या तर ती दिसते. तारीख नीट लागली तर त्यात दिसायला काहीच नसतं.

तीन वर्षांपूर्वी या मॅडम आल्या. शिस्तीच्या, पण माणूस चांगला. गेल्या वर्षी एकदा त्यांच्यासमोर बसले असताना मी सहज बोलल्यासारखं बोलले, "मॅडम, सभागृहाचं सगळं एका माणसाच्या डोक्यात आहे. उद्या ती आजारी पडली तर?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "खरं आहे. असं एकावर अवलंबून राहणं बरं नाही. तुम्ही एक नीट तक्ता करून घ्या. त्यांना विचारून करा."

सहज म्हणून बोललेलं ते वाक्य मी आठ दिवस मनात घोळवत होते. मला ती खालच्या सभागृहातून हलायला हवी होती. नोकरी जावी असं नाही, पण तिच्यावाचून अडत नाही, हे एकदा सगळ्यांना दिसायला हवं होतं. मॅडमचं 'तक्ता करून घ्या' मी ऐकलं, 'त्यांना विचारून' ऐकलं नाही.

एका व्याख्यानाच्या दिवशी धाकटी दुपारी बाराला खुर्च्या लावून मोकळी झाली. कार्यक्रम साडेपाचला होता. ती डबा खायला गेली असणार असं धरून मी मोजपट्टी, आलेखाचा कागद आणि पेन्सिल घेऊन खाली उतरले. पहिल्या खांबापासून सुरुवात केली. प्रत्येक खुर्चीचं पुढच्या खुर्चीपासून अंतर, खांबापासून अंतर, तिचं तोंड किती तिरपं. तीन तास लागले. कंबर धरली. पण खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. किती वर्षांनी मी पत्र सोडून काहीतरी केलं होतं. घरी जाऊन शाईने पक्का तक्ता काढला, खुर्च्यांना क्रमांक दिले, खांब गोल काढले, पिंजरा चौकोनी. इतका सुबक झाला की मी तो दोनदा उगीचच उघडून बघितला. वर 'सभागृह आसनरचना' असं लिहिलं. नाव घातलं नाही. मॅडमच्या टेबलावर ठेवला, त्यांनी बघितला, "वा" म्हणाल्या आणि फाइलला लावायला सांगितला.

दोन महिन्यांनी धाकटीच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं. तिला आठ दिवस माहेरी जायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, शनिवारी ते वाजवणारे आजोबा आहेत ना? ते बसून वाजवतात, अगदी बुटक्या स्टुलावर. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येऊन खुर्च्या लावून परत जाऊ का?"

"काही गरज नाही," मी म्हणाले. "आपल्याकडे सगळी सोय आहे. तू वडिलांकडे लक्ष दे."

"नक्की ना?"

"अगं जा. तुझ्यावाचून इमारत पडणार नाही."

ती हसली आणि गेली.

शनिवारी दोन कामगारांना तक्ता दिला. त्यांनी क्रमांक बघून तासाभरात खुर्च्या लावल्या. कोणी कुठे बसून बघितलं नाही, गरजच काय होती? मी रोज पाचला घरी जाते, पण त्या दिवशी थांबले. मला माझा तक्ता माणसांनी भरलेला बघायचा होता. सभागृह गच्च भरलं. तिसऱ्या ओळीत कुलगुरू येऊन बसले. मी मागे दाराशी उभी होते आणि मनातून फुगले होते, हेही लिहून ठेवते.

आजोबा आले. डाव्या बाजूला मध्याच्या जवळ त्यांचं बुटकं स्टूल ठेवलं होतं. त्यावर ते बसले, वाद्य मांडीशी घेतलं, आणि अर्ध्या सभागृहाला दिसेनासे झाले.

मी मोजमाप केलं तो दिवस व्याख्यानाचा होता. व्याख्याता उजवीकडे उभा राहून बोलतो. त्या दिवशी धाकटीने सगळ्या खुर्च्यांची तोंडं त्याच्याकडे वळवली होती. माझ्या तक्त्यात तो एक दिवस पक्का झाला होता. आता डावीकडच्या लोकांना आरोपीचा पिंजरा दिसत होता, मधल्यांना खांब, आणि उजवीकडच्यांना मानेला पीळ पडल्याशिवाय काहीच दिसत नव्हतं. आधी दोघे उठले. मग त्यांच्या मागचे उठले. खुर्च्या करकरायला लागल्या. पाचव्या मिनिटाला सगळं सभागृह उभं होतं. कुलगुरूसुद्धा.

आजोबांनी वाजवणं थांबवलं. "ही न्यायालयाची जागा आहे हे मला सांगितलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "सगळे उभे राहिलात, तेही रीतीला धरूनच आहे. पण मी इथे न्यायाधीश आहे की आरोपी, तेवढं कोणीतरी सांगा." लोक हसले. आजोबांनी अर्धा तास वाजवलं आणि वाद्य पेटीत ठेवलं. कार्यक्रम दोन तासांचा होता.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाकडून पत्र आलं. सभागृहात कायमच्या खुर्च्या बसवा. फरशीला भोक न पाडता लाकडी तळ टाकून त्यावर बसवता येतात, वारसा समितीची हरकत नाही. सुट्या खुर्च्या मोडीत काढा. त्या कामावरच्या कर्मचाऱ्याला मुलींच्या वसतिगृहात पाठवा.

धाकटी परत आली तेव्हा मॅडमनी तिला बोलावलं. मीही तिथेच होते. मॅडमनी फाइलमधून तक्ता काढून तिच्यासमोर ठेवला. "तुमच्या तक्त्याप्रमाणे लावूनही असं झालं बघा. तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण आता वरूनच हुकूम आलाय."

धाकटीने तक्ता उचलला. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे नाही, तक्त्याकडेच बघत "हं" म्हणाली आणि ठेवून दिला.

मी तोंड मिटून बसले होते. ती बाहेर गेल्यावर मला हायसं वाटलं, आणि लगेच चीडही आली. तिने तोंड का उघडलं नाही? तक्ता आपला नाही हे तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे. म्हणजे आता गप्प राहण्याचा मोठेपणाही हिलाच. मी पंधरा दिवस नीट झोपले नाही. ती मात्र रोज सकाळी यायची, मोडीत निघणाऱ्या खुर्च्या पुसायची, आणि छोट्यामोठ्या कार्यक्रमांना प्रत्येक खुर्चीवर बसून बघायची. सासूबाई विचारायच्या, "वसतिगृहात काय काम असेल गं?" ती म्हणायची, "चादरी मोजायच्या असतील."

मग खुर्च्यांच्या कंपनीचा माणूस आला. व्यवस्थित माणूस, खिशात चार पेनं. त्याला दाखवायला खुर्च्या मांडूनच ठेवल्या होत्या. मॅडम त्याला घेऊन सभागृहात गेल्या, मला कागदपत्रं घेऊन बरोबर बोलावलं. धाकटी कोपऱ्यात खिडकीच्या खालची बैठक पुसत होती. त्या माणसाने माझ्या फाइलमधला तक्ता बघितला आणि खिडकीजवळ नेऊन परत बघितला.

"हा कोणी काढला हो?" तो म्हणाला. "आमच्याकडे नकाशे काढायला दोन शिकलेली मुलं आहेत. त्यांना असा जमणार नाही. हे खांबाचं अंतर बघा, सूतभर इकडेतिकडे नाही. आपण कायमच्या खुर्च्या याच तक्त्याप्रमाणे बसवू या. माझं अर्धं काम झालं."

मॅडम हसल्या. कोपऱ्याकडे हात करून म्हणाल्या, "आमच्या खुर्चीताईंचं काम. शाळा सातवीपर्यंत, पण हात बघा."

त्या माणसाने वळून धाकटीकडे बघितलं आणि चक्क हात जोडले.

एकोणीस वर्षांत जे जे गिळलं होतं ते सगळं माझ्या घशाशी आलं. भाषण, फोटो, निबंध, सगळं. माझ्या जन्मातलं एकच काम, ज्याला कोणीतरी बघून चांगलं म्हटलं, आणि तेही तिच्या नावावर.

"ते मी काढलंय," मी म्हणाले.

आवाज जरा जास्तच मोठा झाला असावा. त्या दालनात आवाज घुमतो.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही? यांना विचारून ना?"

"नाही. मीच मोजलं. मीच काढलं. एकटीने."

"कधी?"

"व्याख्यान होतं त्या दिवशी."

"फक्त त्या एका दिवसाचं?"

तेव्हा मला कळलं की मी काय बोलून बसले. पण बाण सुटला होता. "हो," मी म्हणाले.

मॅडमनी धाकटीला हाक मारली. "इकडे या. त्या शनिवारी तुम्ही इथे असतात तर खुर्च्या कशा लावल्या असत्या?"

धाकटीने फडकं खांद्यावर टाकलं. "दाखवू?"

तिने मॅडमना स्टेजवर डाव्या बाजूला बुटक्या स्टुलावर बसवलं. मग खुर्च्या ओढायला लागली. पहिल्या ओळीतल्या सहा काढून टाकल्या. डावीकडच्या तीन ओळी पिंजऱ्यापासून लांब नेऊन मधे घेतल्या, खांबांच्या सावलीतल्या अजिबात उचलल्या आणि मागे सज्जाखाली लावल्या. कंपनीचा माणूस तिला मदत करायला लागला. मी फाइल छातीशी धरून उभी होते. अर्ध्या तासाने ती एकेका खुर्चीवर बसायला लागली, आणि प्रत्येक खुर्चीवरून मॅडमकडे बघून मान हलवायची. शेवटी मॅडम स्वतः खाली उतरल्या, त्या माणसाला स्टुलावर बसवलं, आणि दहाबारा जागी बसून बघितलं.

"प्रत्येक वेळी वेगळं करता?"

"प्रत्येक वेळी माणूस वेगळा असतो ना," धाकटी म्हणाली.

कंपनीच्या माणसाने आपली मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली. "मॅडम, मला धंदा हवाय," तो म्हणाला, "पण या हॉलला कायमच्या खुर्च्या बसवल्या तर तुम्ही मला दर शनिवारी शिव्या घालाल."

कायमच्या खुर्च्या नकोत, हे विद्यापीठाला पटवणारं पत्र मॅडमनी मलाच लिहायला सांगितलं. मला बोलल्या काहीच नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तक्त्याबद्दलही त्यात खरं ते लिहा." मी लिहिलं. माझ्या हातून इतकं चांगलं पत्र आजवर झालं नव्हतं. महिन्याभरात मंजुरी आली आणि वसतिगृहाचा विषय संपला. स्मरणिकेचं काम त्यानंतरचं.

पण मला सांगायचं आहे ते कंपनीचा माणूस आला होता त्याच दिवशीच्या संध्याकाळचं. पाचला मी निघाले तर धाकटी फाटकाशी उभी. कार्यक्रम नव्हता, तीही घरी निघाली होती. एकोणीस वर्षं एका घरातून एका जागी येतो आम्ही, पण बरोबर घरी जाण्याची वेळ फार थोडी आली. कार्यक्रम असला की तिला उशीर व्हायचा, आणि मी मुद्दामच पाचची वेळ धरून होते.

चौक आल्यावर मीच विषय काढला. चोरासारखं चालण्यापेक्षा ते बरं.

"तुला माहीत होतं, तो तक्ता मी काढलाय ते."

"हो."

"मग मॅडमना सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार?" ती म्हणाली. "तुम्ही मोजत होता तेव्हा मी वर सज्जात होते, कठडा पुसत. तुम्ही आलात, पहिल्या खांबापाशी वाकलात, पट्टी लावली. मला आधी कळेना. मग तुम्ही दुसरी खुर्ची मोजली, तिसरी मोजली, आणि मी फडकं खाली ठेवून तिथेच बसले. डबाही खाल्ला नाही. खाली आले असते तर तुम्ही थांबला असतात."

"तीन तास?"

"हो, सगळं झालं तोवर. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, आज वहिनी खाली आल्या होत्या. एकोणीस वर्षांनी वहिनींना माझं काम बघावंसं वाटलं. किती मन लावून बघत होत्या म्हणून सांगू. हे म्हणाले, बरं झालं. आणि तुमचा हात काय चालतो हो वहिनी. मी वरून बघतच राहिले. मला वाटलं, वहिनी हे किती छान करतात, आणि वर खोलीत बसून नुसती पत्रं लिहितात."

रस्ता ओलांडताना तिने नेहमीसारखा माझा दंड धरला.

मी वाकून खुर्च्या मोजत होते ते तिची जागा घालवायला. आणि सव्वीस वर्षांत माझं काम एकाच माणसाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं, उपाशी राहून, आवाज न करता. त्यातही ती माझ्या पुढे गेली. पलीकडच्या फुटपाथला पोचल्यावर तिने विचारलं, घरी भाजी काय आहे, आणि मी म्हणाले, अजून ठरवलं नाही.